शून्य-शून्यची मॅच आणि दीडशे वर्षांचं भांडण (स्कॉटलंड वि. इंग्लंड, १८७२)

गल्ली_ते_ग्लासगो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी नोकरीपायी ग्लासगोला आलो आणि घर मिळालं पार्टिक भागात. स्टेशनकडे जाताना रोज एक क्रिकेटचं मैदान लागतं, हॅमिल्टन क्रेसेंट. भोवती दगडी तीन-चार मजली इमारती, आपल्या चाळींच्या श्रीमंत चुलत बहिणी म्हणा ना, आणि मधे हिरवंगार मैदान. कुणीतरी खिडकीत वाळत घातलेले टॉवेल आणि खाली स्लिपमधे उभे असलेले चार जण, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दादरला आल्यासारखंच वाटलं.

तर ऑफिसात एक स्कॉटिश काका आहेत, रिटायरमेंटला आलेले. त्यांना कळलं मी कुठे राहतो तर म्हणाले, अरे जगातली पहिली आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच तुझ्या घरामागे झालीय! ३० नोव्हेंबर १८७२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. मी सहज विचारलं कोण जिंकलं? म्हणाले ०-०. मला हसू आलं, आणि काका जे फुगले ते दुपारच्या चहापर्यंत बोलले नाहीत.

आता खरंच विचारतो, एकही गोल न झालेल्या मॅचला हे लोक एवढं डोक्यावर का घेतात? आणि फुटबॉलची मॅच क्रिकेटच्या मैदानावर का? फुटबॉल मला वर्ल्डकपपुरताच कळतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरका_बाण

शून्य-शून्य म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडायला काहीच हाती लागलं नाही, म्हणून दीडशे वर्षं भांडतायत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा अशाच संपतात.

क्रिकेटच_बरा

यालाच म्हणतात नव्वद मिनिटं वाया घालवणं. पाच दिवस खेळून ड्रॉ झालं तर त्यात निदान तीनशे रन तरी असतात.

वाचनवेडी

वाचतेय. कुणीतरी सविस्तर लिहा. @जुनी_पानं कुठे आहेत?

जुनी_पानं

आलो आलो. जेवत होतो.

आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर. क्रिकेटचं मैदान का, तर पैसे. त्या वेळी स्कॉटलंडमधला खरा दादा क्लब म्हणजे क्वीन्स पार्क, १८६७ चा. त्यांचं स्वतःचं मैदान म्हणजे सार्वजनिक क्रीडांगण, तिथे येणाऱ्याजाणाऱ्याकडून तिकिटाचे पैसे कसे घेणार? वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबचं मैदान मात्र कुंपणाचं. ते भाड्याने घेतलं, दारात एक शिलिंग तिकीट लावलं आणि साधारण चार हजार लोक आले. दिवसही नामी निवडला, शनिवार होता आणि सेंट अँड्र्यूचा दिवस, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय संताचा सण. आपल्याकडे असली कल्पना कुणाला सुचली असती तर दसऱ्याला ठेवली असती.

आता खरी गंमत. तेव्हा स्कॉटलंडला फुटबॉल असोसिएशनच नव्हती! ती झाली मार्च १८७३ मधे, म्हणजे या मॅचनंतर. मग देशाचा संघ निवडला कुणी? क्वीन्स पार्कने. आणि निवडले कोण? अकराच्या अकरा आपलेच. गोलकीपर रॉबर्ट गार्डनर कॅप्टन. जर्सीही क्लबचीच, गडद निळी. स्कॉटलंड आजही गडद निळा घालतं तो निळा हा.

इंग्लंडचे अकरा जण मात्र नऊ वेगवेगळ्या क्लबांतले. ऑक्सफर्डचे तीन, एक केंब्रिजचा, एक शेफील्डचा, एक सैन्यातल्या रायफल्सचा, असं पंचमेळ कडबोळं. बरेचसे खानदानी शाळांतून आलेले आणि अंगापिंडाने दणकट. तेव्हाच्या बातम्यांत इंग्रज पोरं दर माणशी दोनेक स्टोन जास्त भरत असल्याचं लिहिलंय, म्हणजे बारा-तेरा किलो.

पुढचं सावकाश टंकतो.

नाद_खुळा_रांगडा

अकराच्या अकरा एका तालमीची पोरं म्हंजे आमच्या कोल्हापूरसारखंच झालं की ओ. आमच्यात पण पेठंची टीम म्हंजे पेठंची टीम, बाहेरनं खेळाडू आणला तर पारावर बसून चार दिवस चर्चा. एका गल्लीत वाढलेल्या पोरांना बघायला लागत नाही दुसरा कुठं उभाय ते. पाठीला डोळं असत्यात. वजन बिजन काय घेऊन बसलाय.

जुनी_पानं

@रांगडा, अगदी नेमकं बोललात, मॅचचं सार तेच आहे.

तेव्हा इंग्लंडात फुटबॉल म्हणजे ड्रिब्लिंग. बॉल मिळाला की मान खाली घालून पळत सुटायचं, जाईल तिथवर जायचं. बाकीचे त्याच्या मागे मागे धावणार, त्याच्या पायातून बॉल सुटला की पुढचा उचलणार आणि तो पळत सुटणार. पास देणं म्हणजे हार मानल्यासारखं. म्हणून इंग्लंडची मांडणी बघा, एक बॅक, एक हाफबॅक आणि आठ फॉरवर्ड! काही ठिकाणी एक-दोन-सात असंही दिलेलं आहे पण मुद्दा तोच, सगळी पलटण पुढे.

स्कॉटलंडने दोन-दोन-सहा ठेवले. अंगाने हलके, या धिप्पाड लोकांशी खांद्याला खांदा लावला तर चिखलात लोळणार हे माहीत होतं. म्हणून जोडीजोडीने खेळले, बॉल एकमेकांकडे ढकलत. क्वीन्स पार्कची पोरं वर्षानुवर्षं एकत्र सराव करणारी, त्यांना ते जमलं. तरी आजचं टिकीटाका (भराभर छोटे पास देत खेळणं) वगैरे डोक्यात आणू नका, त्यांच्यातही ड्रिब्लिंग भरपूर होतं. फक्त समोर दगड आला की वळसा घालायची अक्कल होती एवढंच.

क्रिकेटच_बरा

आठ फॉरवर्ड आणि तरी गोल नाही?? सिलेक्शन कमिटी बरखास्त करा.

मडगांवकर

आठ फॉरवर्ड असले म्हणूनच गोल नाही रे बाबा. आमच्या गावात पावसाळ्यात शेतात खेळायचे तेव्हा सगळीच पोरं फॉरवर्ड असायची. बॉल कुठे आहे ते फक्त देवाला आणि बॉलला माहीत.

आणि ऑफसाइडचा नियम तेव्हा तिघांचा होता ना? म्हणजे पास घेणारा आणि गोललाइन यांच्यामधे समोरच्यांचे तिघे तरी हवेत. आता दोघे पुरतात. पुढे थांबून पास घेणं मग जवळजवळ अशक्यच.

जुनी_पानं

बरोबर, तिघांचा.

चहाबाज

पेनल्टी तरी मिळाली नाही का कुणाला?

मडगांवकर

पेनल्टी आली १८९१ साली. नेट पण त्याच सुमाराचं. आणि आडवा दांडा, क्रॉसबार, तो पण नव्हता. दोन खांब आणि त्यांना वरून बांधलेली फीत. टेप. बॉल फितीच्या खालून गेला की वरून हे पंचाने नजरेने ठरवायचं.

तिरका_बाण

म्हणजे गल्लीत दोन चपला ठेवून "वरून गेला, वरून गेला" चालतं तेच. फक्त चपलांना शिलिंगाचं तिकीट.

जुनी_पानं

@तिरका_बाण, हसू नका, ही मॅच त्या फितीवरच अडली. उत्तरार्धात रॉबर्ट लेकीने मारलेला बॉल त्या फितीवर जाऊन पडला. स्कॉटिश पब्लिकने गोल झाला म्हणून आरडाओरडा केला पण दिला नाही. अजून चार बोटं खाली असता तर तुमच्या ऑफिसातले काका एवढे फुगले नसते.

आणखी तपशील. तीन दिवस पाऊस पडून मैदान निसरडं झालेलं. दोन वाजताची मॅच सव्वादोनच्या सुमारास सुरू झाली. इंग्लंड पांढऱ्या जर्सीत, छातीवर तीन सिंह. स्कॉटलंड निळ्यात, छातीवर एक सिंह आणि डोक्यावर लाल टोपडी. हो, टोपडीच, थंडीत लहान मुलांना बांधतो तसल्या घराण्यातली. इंग्लंडचा गोलकीपर बार्कर, मधेच पाळी बदलून त्याच्या जागी विल्यम मेनार्ड उभा राहिला आणि बार्कर पुढे खेळायला गेला. कुणाला काही विशेष वाटलं नाही.

बकुळफुल

लाल टोपडी घातलेले अकरा दाढीमिशीवाले बाप्ये चिखलात पळतायत. हे चित्र डोळ्यासमोरून जात नाहीये, ऑफिसात एकटीच हसतेय. कुठे फोटो आहे का?

जुनी_पानं

फोटोचा तर किस्साच आहे. फोटोग्राफर आला होता. पण खेळाडू तोंडं वेडीवाकडी करत बसले, आणि फोटोच्या प्रती आम्ही विकत घेऊच अशी हमी काही कुणी देईना, म्हणून तो सामान गुंडाळून निघून गेला असं सांगतात. त्यामुळे जगातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मॅचचा फोटो नाही. विल्यम राल्स्टन नावाच्या चित्रकाराने काढलेली रेखाटनं आहेत, ती एका लंडनच्या साप्ताहिकात छापून आली. टोपडी त्यात दिसतात.

चहाबाज

फोटोग्राफर ॲडव्हान्स घेतल्याशिवाय येतच नाहीत हे लग्नसराईतल्या लोकांना आधीच माहीत आहे.

खरं_ते_खरं

धाग्यात मूळ चूक आहे. पहिली मॅच ही नव्हेच. ५ मार्च १८७० ला लंडनच्या ओव्हलवर इंग्लंड-स्कॉटलंड मॅच झाली, १-१. १८७० ते ७२ मधे अशा पाच झाल्या. मग १८७२ नोव्हेंबरची पहिली कशी? उगाच कुणीतरी सांगतं आणि आपण माना डोलावतो.

ओव्हलच्या_पायऱ्या

@खरं_ते_खरं, पाच झाल्या हे खरं, पण त्यातला "स्कॉटलंड" बघा की. सगळे लंडनात राहणारे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा मुलगा, स्वतः खासदार, स्कॉटलंडकडून खेळला. आडनाव स्कॉटिश, आजी स्कॉटिश, मामाचं घर तिकडे, असं काहीतरी जमवून अकरा भरायचे. फिफा त्या मॅचेस मोजत नाही.

पण त्या पाच मॅचेसमागचा माणूस सांगायलाच हवा. चार्ल्स अल्कॉक, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी. त्यानेच स्कॉटिश वर्तमानपत्रांतून पत्रं लिहून डिवचलं की या, तुमचे उत्तरेतले खरे खेळाडू पाठवा. फार कुणी आलं नाही. वर रग्बीवाल्यांनी खोड काढली. १८७१ च्या मार्चमधे एडिंबरात रग्बीची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली, स्कॉटलंड जिंकलं, आणि रग्बीवाले मिरवायला लागले. तेव्हा असोसिएशन फुटबॉलवाल्यांना (म्हणजे आपण आज ज्याला फुटबॉल म्हणतो त्यांना) स्कॉटलंडात जाऊन काहीतरी करणं भागच होतं. इंग्लंडचं तिकीट तिकडे निघालं ते असं.

आणि नशीब बघा, एवढं सगळं जमवणारा अल्कॉक त्या मॅचला दुखापतीमुळे खेळू शकला नाही. हातात निशाण घेऊन अंपायर म्हणून उभा राहिला. कॅप्टनपद गेलं कथबर्ट ऑटवेकडे, ऑक्सफर्डचा पोरगा, क्रिकेटमधेही पट्टीचा. बिचारा १८७८ मधे गेला, सत्ताविशीत.

@क्रिकेटच_बरा, तुमच्यासाठी: १८८० ची इंग्लंडमधली पहिली टेस्ट मॅच, ओव्हलची, ती जमवली याच अल्कॉकने. एफए कपची कल्पनाही त्याचीच. माणूस रिकामा बसतच नव्हता.

क्रिकेटच_बरा

अल्कॉकबद्दल आदर वाढला. शेवटी योग्य खेळाकडे वळला.

खरं_ते_खरं

ओके. "अधिकृत पहिली" म्हणा, मग माझी हरकत नाही.

गल्ली_ते_ग्लासगो

@खरं_ते_खरं, धाग्याच्या मजकुरात आता बदल करता येत नाहीये, मनातल्या मनात अधिकृत वाचा.

बाकी सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सव्वादोनला सुरू झाली हे वाचून एक गोष्ट डोक्यात आली. इथे नोव्हेंबर संपताना पावणेचारनंतर सूर्य मावळतो, आणि ढगाळ असलं की त्याही आधी दिवे लागतात. म्हणजे नव्वद मिनिटं आणि मधली विश्रांती धरली तर शेवटी शेवटी त्या पांढऱ्या फितीचं काय दिसत असेल देव जाणे.

मडगांवकर

बघा, लेकीचा गोल अंधारानेच खाल्ला!

स्वदेशी_विचार

एक बेसिक प्रश्न. आपल्यावर राज्य करणाऱ्या दोन देशांनी आपापसात बॉल लाथाडला, त्याचं आपल्याला काय कौतुक? आपल्याकडे १९११ मधे मोहन बागानने अनवाणी खेळून गोऱ्यांच्या रेजिमेंटला हरवलं त्यावर धागा काढा.

वाचनवेडी

@स्वदेशी_विचार, काढा की, आम्ही येतो. दोन्ही धागे एकाच वेळी चालू शकतात, सर्व्हर इंग्रजांचा नाहीये.

जुनी_पानं

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. ऐका.

१८७२ ला गोल झाला नाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला गोल पुढच्या मॅचला, ८ मार्च १८७३, ओव्हल. इंग्लंड जिंकलं ४-२. पहिला गोल मारला विल्यम केनियन-स्लेनी याने, सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. या गृहस्थांचा जन्म कुठला? राजकोट! १८४७. वडील बॉम्बे कॅव्हलरीत अधिकारी, आणि काठियावाडचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे. पुढे हे ग्रेनेडियर गार्ड्समधे गेले, इजिप्तमधे लढले, खासदार झाले.

बरं, एवढ्यावर थांबत नाही. त्याच मॅचमधे स्कॉटलंडकडून पहिला गोल, म्हणजे स्कॉटलंडच्या इतिहासातलाच पहिला, मारला हेन्री रेनी-टेलियर याने. रॉयल इंजिनियर्सचा अधिकारी. याचा जन्म? मसुरी!

म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल वैराचे दोन्ही बाजूंचे पहिले गोल भारतात जन्मलेल्या दोघांनी मारलेत.

चहाबाज

काय सांगता!!! राजकोट वि. मसुरी. रणजी ट्रॉफीच की.

नाद_खुळा_रांगडा

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. जुनी पानं साहेब, मानलं तुम्हास्नी.

तिरका_बाण

आता व्हॉट्सॲपवर "फुटबॉलचा पहिला गोल एका गुजराती माणसाने मारला, अभिमान असेल तर फॉरवर्ड करा" येणार. जबाबदारी जुनी_पानं यांची.

स्वदेशी_विचार

जन्म इथे झाला म्हणून भारतीय होत नाही कुणी. गोऱ्या साहेबाचं पोर ते.

जुनी_पानं

@स्वदेशी_विचार, भारतीय होते असं मी कुठे म्हटलं? शंभर टक्के साहेबच. ईटनला शिकलेला साहेब. पण ही फौजी माणसं, त्यांच्या बदल्या, त्यांची छावण्यांत जन्मलेली मुलं, हाच फुटबॉल जगभर नेणारा रस्ता होता. आपल्या मुंबईत कूपरेजवर गाजलेला रोव्हर्स कप १८९१ चा. पहिली वर्षं कोण जिंकत होतं? फौजी पलटणी. त्या आधी ड्युरंड कप, १८८८. राजकोटला जन्मलेला पोरगा ओव्हलवर गोल मारतो आणि वीसेक वर्षांत तोच खेळ बोटीतून उतरून कूपरेजवर येतो, यात मला तरी कौतुकापेक्षा कुतूहल जास्त आहे. मोहन बागान त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला भेटतं.

स्वदेशी_विचार

हं. रस्त्याचा मुद्दा मान्य. कौतुकाचा नाही.

ओव्हलच्या_पायऱ्या

अवांतर होतंय पण भारताचा विषय निघालाच आहे तर रग्बीतलं ऐका. इंग्लंड-स्कॉटलंड रग्बीत जो कप देतात त्याचं नावच कलकत्ता कप. कलकत्त्यात साहेबलोकांचा रग्बी क्लब होता, १८७३ चा. काही वर्षांत पोलो आणि टेनिसपुढे त्याचा उत्साह आटला, क्लब गुंडाळायचं ठरलं. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि कप घडवून इंग्लंडला पाठवून दिला. तीन कान, तिन्ही नागाचे, आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी खेळतात.

बकुळफुल

क्लब बंद करताना शिल्लक राहिली हेच नवल. आमच्या महिला मंडळात उलट वर्गणी काढून बंद करायला लागलं.

वाचनवेडी

बायकांचा विषय निघाला म्हणून मी पण भर घालते. १८८१ च्या मे महिन्यात एडिंबरात बायकांची स्कॉटलंड-इंग्लंड मॅच झाली होती, स्कॉटलंड ३-०. त्याच महिन्यात ग्लासगोला पुन्हा खेळल्या तर प्रेक्षकच मैदानात घुसले, मॅच थांबली आणि खेळाडू बायकांना घोड्याच्या बसमधून अक्षरशः पळ काढावा लागला. १८७२ च्या मॅचला बायका बऱ्याच आल्या होत्या असं बातम्यांत कौतुकाने लिहितात. बघायला आल्या तर कौतुक, खेळायला उतरल्या तर ढेकळं.

चहाबाज

+१

बकुळफुल

+१००

मडगांवकर

१८८१ म्हटल्यावर अँड्र्यू वॉटसन विसरून कसं चालेल? जन्म ब्रिटिश गयानातला, बाप स्कॉटिश मळेवाला, आई कृष्णवर्णीय. १८८१ च्या मार्चमधे स्कॉटलंडचा कॅप्टन म्हणून ओव्हलवर उतरला. पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. आणि नुसता उतरला नाही, स्कॉटलंडने ६-१ हाणलं. इंग्लंडचा घरच्या मैदानावरचा तो आजही सर्वात मोठा पराभव आहे. तीन मॅच खेळला, तिन्ही जिंकल्या, त्यातल्या दोन इंग्लंडविरुद्ध.

मला विचाराल तर १८७२ पेक्षा मोठी मॅच हीच. शून्य-शून्य काय, कुणीही खेळतो.

जुनी_पानं

@मडगांवकर, नाही पटत. १८७२ झाली म्हणून ६-१ झालं. १८७२ पासून १८८७ पर्यंतच्या सोळा मॅच घ्या. इंग्लंड जिंकलं फक्त दोनदा, चार बरोबरी, दहा वेळा स्कॉटलंड. १८७८ ला तर ७-२. लोकसंख्या बघा, पैसा बघा, आणि मग हे आकडे बघा. त्या पावसाळी दुपारी पासिंगची जी ताकद दिसली तिचं हे पीक. पुढे इंग्लिश क्लबांनी स्कॉटिश खेळाडू गुपचूप पैसे देऊन उचलायला सुरुवात केली, त्यांना "स्कॉच प्रोफेसर" म्हणायचे कारण ते येऊन खेळायचं कसं ते शिकवायचे. १८८५ ला शेवटी इंग्लंडला पैसे घेऊन खेळणं कायदेशीरच करावं लागलं.

मडगांवकर

१८७९ सोडून बोलताय. हाफटाइमला स्कॉटलंड ४-१ पुढे आणि हरले ५-४. प्रोफेसर त्या दिवशी रजेवर होते का?

जुनी_पानं

प्रोफेसर म्हणजे काय, एखाद्या दिवशी तास बुडवायचेच.

नाद_खुळा_रांगडा

माझं एक ऐका. मी स्वतः धा वर्षं पेठंकडनं खेळलोय, गुडघा गेला तवा थांबलो. एकदा आमची मॅच, नाव नाही सांगत, समोरची टीम म्हंजे सगळी पैलवान गडी. आमचा कोच बोलला आज कुणी बॉल तीन टचपेक्षा जास्त ठेवला तर संध्याकाळी तालमीत गाठ माझ्याशी हाय. आम्ही नुसतं ढकलत राहिलो, हिकडनं तिकडं. पब्लिक शिव्या द्यायला लागलं, पुढं मारा की रं. शेवटची पंधरा मिनिटं ती पैलवान पोरं कमरेवर हात ठिवून उभी. मॅच सुटली ०-० च. पण त्या रात्री गल्लीत आमची मिरवणूक काढली, गुलाल बिलाल, कारण आधीच्या वर्षी पाच खाल्लेले. मिरवणुकीत एक म्हातारं विचारतंय, जिंकला का रं? म्हटलं न्हाई. मग गुलाल कशाचा? म्हटलं घरला जा आजोबा, तुमास्नी न्हाई कळायचं.

म्हनून धागावाल्या भावाला सांगतो, तुमच्या हापिसातल्या काकांची माफी मागा.

ओव्हलच्या_पायऱ्या

या प्रतिसादावर धागा बंद केला तरी चालेल.

फक्त शेफील्डच्या चार्ल्स क्लेगचं राहिलं. इंग्लंडच्या त्या अकरात उत्तरेकडचा. नंतर त्याने तक्रार केली की दक्षिणेतले काही शिष्ट खेळाडू आपल्याकडे बॉलच देत नव्हते, धड बोलतही नव्हते. पुढे तोच असोसिएशनचा अध्यक्ष झाला, सर झाला. पण सांगायचं ते हे, तिकडे अकरा जण एका तालमीचे आणि इकडे आपल्याच माणसाला बॉल द्यायला जड जातंय. शून्यावर सुटले हे इंग्लंडचं नशीब.

क्रिकेटच_बरा

एवढं वाचून मान्य करतो की ०-० मधे काही असू शकतं. पुन्हा असं बोलणार नाही. (बोलेन.)

मडगांवकर

बाय द वे, या दोघांच्यात पुढची ०-० कधी झाली माहितीय? १९७०! अठ्ठ्याण्णव वर्षांनी. मधे दोन महायुद्धं होऊन गेली. मग अगदी अलीकडे २०२१ च्या युरोला वेम्बलीवर झाली, तेव्हाही स्कॉटलंडवाले जिंकल्यासारखे नाचत होते.

नाद_खुळा_रांगडा

गुलाल कशाचा, इचारू नका म्हटलं की ओ.

गल्ली_ते_ग्लासगो

उशिरा लिहितोय. काल ३० नोव्हेंबर होता. लेकाला घेऊन दोनला मैदानावर गेलो. आठ वर्षांचा आहे, त्याला सांगितलं इथे पहिली मॅच झाली, तर त्याने पहिला प्रश्न विचारला स्कोअर काय. म्हटलं शून्य-शून्य. तो हसला. मी फुगलो.

क्रिकेटचा सीझन नाही, गेटाला कुलूप. कुंपणाला टेकून उभे राहिलो. भुरभुर पाऊस होताच, गवतावर कावळ्यासारखे काही पक्षी आणि एका टोकाला साइटस्क्रीन तिरकी लावून ठेवलेली. सव्वादोनला पोराने मोबाइलवर शिट्टी वाजवली. मग थर्मासमधला चहा, मग थोडं भांडण कारण त्याला घरी जायचं होतं. साडेतीनला समोरच्या इमारतीत दिवे लागले. पावणेचारला पलीकडच्या बाजूची साइटस्क्रीन, जी पांढरी आहे आणि दोन माणसं उंच आहे, ती मला नुसती फिकट डागासारखी दिसत होती. फितीचं तर सोडाच. मडगांवकर, तुमचं म्हणणं मी काकांना सांगितलं. आज सकाळी ऑफिसात शेकहँड केला त्यांनी. म्हणाले हॅम्पडन स्टेडियमच्या म्युझियममधे त्या मॅचचं तिकीट ठेवलंय, एकदा घेऊन जातो तुला.

बकुळफुल

किती छान! मैदानाचे आणि लेकाचे फोटो टाका ना.

गल्ली_ते_ग्लासगो

काढायला गेलो होतो. पोरगं तोंड वेडंवाकडं करत बसलं, मी फोन खिशात ठेवला.

जुनी_पानं

परंपरा पाळली.